परराज्यातली वर्षभर जुनी गाडी घेताय? महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरण्याचा क्रम

दिल्ली किंवा बंगळुरूहून जेमतेम वर्षभर वापरलेली गाडी आणायची म्हटली की बहुतेक जण आधी पैसे देतात, मग गाडी चालवत घरी आणतात आणि रोड टॅक्सचं नंतर बघू म्हणतात. चार महिन्यांनी आरटीओच्या खिडकीपाशी कळतं की मूळ बिल विक्रेत्याकडे राहिलंय, त्याने मोबाइल नंबर बदललाय आणि एनओसी, म्हणजे गाडी दुसरीकडे नोंदवायचा ना हरकत दाखला, भलत्याच आरटीओच्या नावावर आहे. टॅक्स भरणं तसं अर्ध्या तासाचं काम. तो भरता यावा म्हणून आधी जे जुळवावं लागतं, तिथे महिने जातात. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

लेख महाराष्ट्रात राहणाऱ्या, स्वतःच्या नावावर खासगी गाडी घेणाऱ्यांसाठी आहे.

## १. आधी बघा, टॅक्स लागतो का

‘जवळजवळ नवी’ या एका शब्दाखाली चार वेगळ्या गाड्या विकल्या जातात.

महाराष्ट्रातच नोंदलेली गाडी. पहिल्या मालकाने एकरकमी कर भरलेला असतो आणि तो गाडीबरोबर येतो. तुम्हाला पुन्हा रोड टॅक्स नाही. नंबर तोच राहतो, फक्त फॉर्म २९ आणि ३० भरून नावबदल करायचा. नागपूरची गाडी कोल्हापुरात आणली म्हणून कोणी टॅक्स मागत असेल तर तो टॅक्स नव्हे, वेगळं काहीतरी आहे.

परराज्यातली गाडी. इथे महाराष्ट्राचा कर नव्याने भरायचा. पहिल्या राज्यात भरलेला वजा होत नाही. तो तिथून परत मागायचा असतो, त्याबद्दल शेवटच्या टप्प्यात.

बीएच (भारत) मालिकेची गाडी, म्हणजे नंबरात राज्याऐवजी ‘बीएच’ असलेली. ‘टॅक्स भरलेला आहे’ असं विक्रेता म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, पण बीएचचा कर दोन-दोन वर्षांच्या हप्त्यांनी भरतात. चौदा महिन्यांच्या गाडीवर पहिल्या हप्त्याचे दहाच महिने उरलेले असतात. ही मालिका सरकारी व संरक्षण दलातले कर्मचारी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांतले कर्मचारी यांच्यासाठी आहे. तुम्ही त्यात बसत नसाल तर गाडी साध्या एमएच नंबरावर आणून महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. हप्ता थकला असेल तर दिवसाला १०० रुपये दंड चढतो, म्हणून शेवटच्या हप्त्याची पावती आधी मागा.

डीलरची डेमो गाडी. सहा हजार किलोमीटर चाललेली, आतून कोरी. ‘आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) दाखवा’ एवढंच म्हणा. आरसी असेल तर ती सेकंडहँड गाडी. ट्रेड सर्टिफिकेटवरच (नोंदणीआधी गाडी फिरवायचा डीलरचा परवाना) फिरवलेली असेल आणि आरसी निघालीच नसेल, तर तुम्ही पहिले मालक आणि टॅक्स नव्या गाडीसारखा. भाव करताना हा फरक लाखाच्या घरात जातो.

इथून पुढचं सगळं परराज्यातल्या गाडीबद्दल.

## २. टॅक्सचा आकडा सौद्याआधी काढा

सगळ्यात महाग चूक इथली आहे आणि ती मी स्वतः केली आहे. बंगळुरूची चौदा महिन्यांची पेट्रोल गाडी मी ९ लाख ४० हजारांना ठरवली. दहा लाखांच्या आत म्हणजे अकरा टक्के, म्हणजे १ लाख ३ हजार ४०० रुपये, असं कागदावर मांडून मी निवांत झालो. पण कर तुमच्या सौद्यावर लागत नाही, गाडी नवी असतानाच्या बिलावर लागतो. माझ्या गाडीचं मूळ बिल होतं ११ लाख ६२ हजारांचं. म्हणजे दर बारा टक्के आणि पायाभूत रक्कम १ लाख ३९ हजार ४४०. गाडीच्या वयाची सूट त्यातून वजा झाली खरी, पण वर्षभराच्या गाडीला ती फार नसते.

खासगी मालकाच्या चारचाकीचे महाराष्ट्रातले दर, मूळ किमतीवर:

- पेट्रोल: १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाख १२ टक्के, २० लाखांच्या वर १३ टक्के
- डिझेल: याच टप्प्यांना १३, १४ आणि १५ टक्के
- सीएनजी: १ जुलै २०२५ पासून ८, ९ आणि १० टक्के
- कंपनीच्या नावावरची किंवा आयात केलेली गाडी: सरसकट २० टक्के

कराची कमाल मर्यादाही १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख रुपये झाली. ती आपल्यापैकी फार थोड्यांच्या वाट्याला येईल.

टप्पा बदलला की दर पूर्ण किमतीला लागतो, वरच्या भागापुरता नाही. ९ लाख ९५ हजारांच्या पेट्रोल गाडीवर १ लाख ९ हजार ४५० होतात आणि १० लाख ५ हजारांच्या गाडीवर १ लाख २० हजार ६००.

अंदाज काढताना वयाची सूट धरूच नका. नव्या गाडीएवढा टॅक्स धरून सौदा परवडतो का बघा. नंतर पोर्टल कमी आकडा दाखवील तो तुमचा फायदा.

सावधान: ‘गाडी कंपनीच्या नावावर घेऊ, घसारा मिळेल’ असा सल्ला चहा पिताना सहज दिला जातो. १२ लाखांच्या पेट्रोल गाडीवर तुमच्या नावाने १ लाख ४४ हजार होतात, प्रायव्हेट लिमिटेडच्या नावाने २ लाख ४० हजार. घसाऱ्याचा हिशोब हा फरक धरून करा.

## ३. पैसे देण्याआधी हातात हवेत असे कागद

विक्रेता गोड बोलतोय तोवर हे मागून घ्या. पैसे पोचल्यावर लोक फोन उचलायला वेळ लावतात.

- मूळ आरसी
- गाडीचं पहिलं टॅक्स इनव्हॉइस. ‘ऑन रोड’ कोटेशन नव्हे, डीलरचं बिल
- पहिल्या राज्यात भरलेल्या रोड टॅक्सची पावती
- चालू इन्शुरन्स पॉलिसी
- गाडी वर्षापेक्षा जुनी असेल तर पीयूसी
- विक्रेत्याच्या आधार आणि पॅनच्या सही केलेल्या प्रती
- फॉर्म २८, २९ आणि ३० वर सह्या. दोन-दोन जास्तीच्या प्रती करून घ्या

सही आरसीवरच्या सहीशी जुळते का, तिथल्या तिथे बघा. लोक आरसीवर इंग्रजीत लांबलचक सही करतात आणि फॉर्मवर घाईत दोन अक्षरं ओढतात. फॉर्म परत येतो तो इथेच.

आता यादीत न मावणारी गोष्ट. गाड्यांच्या नोंदणीच्या सरकारी वाहन पोर्टलवर ओटीपी जातो तो आरसीला जोडलेल्या मोबाइल नंबरावर. नव्या गाडीच्या नोंदणीत कधीकधी डीलरच्या माणसाचाच नंबर टाकलेला असतो. विक्रेत्याला समोर बसवून पोर्टलवर एकदा ओटीपी मागवा. त्याच्या फोनवर आला तर ठीक. नाही आला तर आधी त्याच्याकडून नंबर बदलून घ्या, मग टोकन द्या. पाच मिनिटांची ही तपासणी मी केली नव्हती आणि पुढे दोन आठवडे बंगळुरूला फोन करत बसलो.

तपासणी: बॉनेट उघडून चेसिस नंबर स्वतः वाचा आणि आरसी, बिल व पॉलिसी या तिन्हींशी एकेक अक्षर लावून बघा. नंबर सतरा खुणांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतात. गोल दिसलं तर ते शून्यच. पॉलिसीत कोणी शून्याच्या जागी ओ टाकला असेल तर इन्शुरन्स कंपनीकडून आताच दुरुस्त करून घ्या, नाहीतर आरटीओत पॉलिसी जुळणार नाही.

## ४. गाडी मोकळी करा: चलन आणि बोजा

वर्षभर जुनी गाडी विकायला येते तेव्हा तिच्यावर बरेचदा कर्ज असतं. कर्ज फिटलं म्हणजे आरसीवरचा बोजा (कर्जाची नोंद) उतरला, असं नव्हे. बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो पोर्टलवरून काढावा लागतो. बँकेच्या पत्रावर मुदत छापलेली असते, तीही वाचा. हे काम विक्रेत्याच्या राज्यात, एनओसीच्या आधी व्हायला हवं.

ई-चलनही तसंच. सिग्नल तोडल्याचं पाचशे रुपयांचं चलन अख्खी एनओसी अडवून धरतं. गाडीचा नंबर टाकून ई-चलन पोर्टल बघा. गाडी ज्या राज्यांतून फिरली असेल त्यांचीही चलनं शोधा. दंड विक्रेत्याने भरायचा, पावती तुम्ही ठेवायची.

गाडी चोरीची किंवा गुन्ह्यात अडकलेली नाही, याचा दाखला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या पोर्टलवरून गाडीचा तपशील टाकून निघतो. छापून फाइलला लावा.

## ५. एनओसी, आणि ती नेमक्या कोणत्या आरटीओच्या नावे

फॉर्म २८ भरून विक्रेता आपल्या आरटीओकडून एनओसी घेतो. ती ‘महाराष्ट्रासाठी’ नसते, महाराष्ट्रातल्या एका ठरावीक आरटीओच्या नावे असते. माझ्या मावसभावाने वाकडला राहत असताना फॉर्मवर ‘पुणे’ लिहिलं. पुणे म्हणजे एमएच-१२. वाकड पिंपरी-चिंचवडात येतं, म्हणजे एमएच-१४. पुन्हा अर्ज, पुन्हा विक्रेत्याची सही, पुन्हा ओटीपी. मुंबईकरांनी तर याहून जपायला हवं: ताडदेव ०१, अंधेरी ०२, वडाळा ०३, बोरिवली ४७. ठाणे ०४, कल्याण ०५, वाशी ४३, पनवेल ४६.

आरटीओ ठरतो तो तुमच्या पत्त्याच्या पुराव्यावरून. आधारवर अजून गावचा पत्ता असेल आणि तुम्ही भाड्याने खारघरला राहत असाल, तर एनओसी मागण्याआधी ठरवा की गाडी कोणत्या पत्त्यावर नोंदवणार आणि त्या पत्त्याचा कोणता कागद दाखवणार.

तपासणी: एनओसी निघाली की आरटीओचं नाव, चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि बोजाचा रकाना वाचा. बोजा उतरवला असेल तर तो रकाना रिकामा हवा. शिल्लक रक्कम या तपासणीनंतर द्या, आधी नाही.

## ६. गाडी आणताना: दोन मुदती, एक गैरसमज

‘परराज्यातली गाडी वर्षभर तशीच चालवता येते’ हे वाक्य प्रत्येक सोसायटीत कोणीतरी छातीठोकपणे सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ मध्ये बारा महिने आहेत खरे, पण ती मुदत नव्या नंबरासाठी आहे. कर हा वेगळा कायदा आणि राज्याचा विषय. गाडी महाराष्ट्रात वापरायला किंवा ठेवायला आणली की कर लागू होतो आणि उशीर झाला की व्याज महिन्यागणिक चढतं. शिवाय तुम्ही गाडी विकत घेतली आहे. नावबदलाची खबर देण्यासाठी नव्या मालकाला कायद्याने ३० दिवस आहेत. बारा महिन्यांचा आधार नोकरीपुरता बदलून आलेल्या मूळ मालकाला ठीक, खरेदीदाराला त्याचा उपयोग नाही.

इन्शुरन्स याच वेळी हातावेगळा करा. नव्या गाडीची थर्ड पार्टी पॉलिसी तीन वर्षांची असते, पण स्वतःच्या नुकसानीचं कव्हर बरेचदा एकाच वर्षाचं. चौदा महिन्यांच्या गाडीचं ते संपून दोन महिने झालेले असू शकतात आणि पॉलिसीच्या पहिल्या पानावर मात्र २०२७ किंवा २०२८ दिसत राहतं. खरेदीनंतर १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करायला टाका. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तेवढा फरक भरावा लागतो.

## ७. आरटीओत: अर्ज आणि तपासणी

त्याच वाहन पोर्टलवर परराज्यातल्या गाडीला नवा नंबर देण्याचा अर्ज करा आणि नावबदल त्याच्याच बरोबर घ्या. फाइलमध्ये वरून खाली हा क्रम ठेवा: अर्जाची प्रिंट, फॉर्म २७, २९, ३० आणि ३३, मूळ एनओसी, मूळ आरसी, मूळ बिल, जुन्या टॅक्सची पावती, पॉलिसी, पीयूसी, गुन्हे नोंद विभागाचा दाखला, पत्त्याचा पुरावा, पॅन. तुम्ही कर्ज काढून गाडी घेत असाल तर फॉर्म ३४ सुद्धा. सगळ्याची झेरॉक्स घरी ठेवा, कारण मूळ कागद फाइलबरोबर जातात.

गाडी तपासणीला न्यावी लागते. मोटार वाहन निरीक्षक चेसिस नंबर बघतो आणि त्याचा पेन्सिलने घेतलेला ठसा फाइलला लागतो. आदल्या दिवशी ती जागा कापडाने पुसून ठेवा. साधी गोष्ट आहे, पण ग्रीस आणि धुळीने भरलेल्या नंबरावर पेन्सिल फिरवून काही उमटत नाही आणि मागे वीस गाड्या उभ्या असतात. काळी फिल्म, बुल बार, आरसीवर न चढवलेला सीएनजी किट यातलं काही असेल तर आधी काढा किंवा नोंदवून घ्या. गाडी परत पाठवायला यातलं एकच पुरतं.

एजंट घ्यावा का? वेळ नसेल तर जरूर घ्या. त्याची फी वेगळी ठरवा आणि टॅक्सचे पैसे त्याच्या हातात देऊ नका.

## ८. टॅक्स भरणं

कागद पडताळले की पोर्टलवर कराचा आकडा येतो. भरण्याआधी त्यामागच्या चार गोष्टी बघा:

- मूळ किंमत तुमच्या बिलाएवढीच धरली आहे का
- पहिल्या नोंदणीची तारीख बरोबर आहे का, कारण वयाची सूट त्यावरून निघते
- इंधन बरोबर आहे का; सीएनजीची गाडी पेट्रोल म्हणून गेली तर तीन टक्के जास्त
- मालकाचा प्रकार व्यक्ती आहे की कंपनी. पहिला मालक कंपनी असेल तर हा रकाना नक्की बघा

यातलं काही चुकलं असेल तर पैसे न भरता दुरुस्ती मागा. पैसे गेल्यावर फरक परत मिळवणं हा वेगळा उद्योग आहे.

रक्कम मोठी असते, म्हणून यूपीआयची दिवसाची मर्यादा आड येते. नेट बँकिंग वापरा आणि त्याचीही मर्यादा आदल्या दिवशी वाढवून ठेवा.

सावधान: खात्यातून पैसे गेले आणि पावती आली नाही तर पुन्हा भरू नका. पोर्टलवर अडकलेला व्यवहार तपासण्याची सोय आहे. अर्ज क्रमांक टाकून तिथे बघा, बहुतेक वेळा काही तासांत नाहीतर दुसऱ्या दिवशी पावती निघते. घाबरून दोनदा भरणारे भेटतात, आणि दुसरी रक्कम परत यायला किती हेलपाटे लागतात ते त्यांच्याच तोंडून ऐका.

पावतीची पीडीएफ स्वतःला मेल करून ठेवा. टॅक्सखेरीज नोंदणीचं आणि नावबदलाचं शुल्क असतं. टॅक्सपुढे ते किरकोळ. कर्जाचा बोजा चढवायचा असेल तर चारचाकीला १,५०० रुपये वेगळे.

## ९. नंबर मिळाल्यावर

एमएच नंबर आला की एम-परिवहन ॲपमध्ये नवा नंबर टाकून नाव, पत्ता, बोजा आणि टॅक्सचा रकाना वाचा. टॅक्सपुढे आजीवन भरल्याची नोंद दिसली पाहिजे. तिथे जुनी तारीख किंवा रिकामी जागा दिसत असेल तर पावती घेऊन लगेच जा, आरसीचं कार्ड छापून पोस्टाने येण्याआधी.

मग नव्या नंबराची उच्च सुरक्षा नंबर प्लेट मागवायची. जुन्या प्लेट नाक्यावरच्या दुकानात रंगवून चालत नाहीत. इन्शुरन्सवर नवा नंबर चढवा. फास्टॅग विक्रेत्याच्या नावावरचा असतो, तो त्याला बंद करायला सांगा आणि नव्या नंबरावर तुमचा काढा. हे राहिलं तर तुमच्या गाडीचा टोल कोणाच्या तरी खात्यातून जातो आणि मग त्याचा फोन येतो.

## १०. जुन्या राज्यातून पैसे परत

वर्षभराच्या गाडीत खरी रक्कम इथे आहे आणि लोक नेमका हाच टप्पा सोडून देतात. कर्नाटकात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १७ टक्के आणि वर उपकर लागतो. माझ्या गाडीवर पहिल्या मालकाने उपकर सोडून १ लाख ९७ हजार ५४० भरले होते. दिल्लीत त्याच गाडीला १० टक्के, म्हणजे १ लाख १६ हजार २०० लागले असते. आजीवन कर भरून गाडी चौदा महिने तिथे राहिली असेल तर उरलेल्या काळाचा परतावा मागता येतो. गाडी जितकी नवी, तितका तो मोठा.

अर्ज जुन्या आरटीओकडे करायचा, नव्या राज्यात नोंदणी झाल्यावर. सोबत नवी आरसी, महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सची पावती, जुन्या टॅक्सची पावती, एनओसीची प्रत आणि रद्द केलेला धनादेश. फाइल महाराष्ट्रातल्या आरटीओत देताना काढलेली झेरॉक्स आता कामाला येते.

पेच असा की पावती विक्रेत्याच्या नावावर आणि गाडी तुमच्या. परतावा कोणाचा, हे सौद्याच्या कागदावर एका ओळीत लिहून घ्या: ‘जुन्या राज्यातील कराचा परतावा खरेदीदाराचा राहील, त्यासाठी लागणाऱ्या सह्या विक्रेता देईल.’ विक्रेता नको म्हणाला तर परताव्याच्या अंदाजाएवढा भाव कमी करून मागा. मी ही ओळ लिहिली नव्हती. विक्रेता सज्जन निघाला, निम्मे निम्मे वाटून घेतले. त्यासाठी एक रात्र बसने बंगळुरूला जावं लागलं, कारण अर्जावरची त्याची सही आरसीवरच्या सहीशी जुळली नव्हती.